एल्ड्रेड जोन्स आणि आफ्रिकी समीक्षेची वाट

आफ्रिकी साहित्याच्या समीक्षेला आज जगभरच्या विद्यापीठांत मान आहे. तिच्यावर ग्रंथ निघतात, परिषदा भरतात. पण ही समीक्षा साध्या वाचकाच्या कितपत उपयोगी पडते? हे पाहायचे तर सिएरा लिओनच्या एल्ड्रेड ड्युरोसिमी जोन्स यांच्या कारकिर्दीकडे वळावे लागते.

फ्रीटाउनला १९२५ साली जन्मलेले जोन्स ऑक्सफर्डला शिकले आणि फ्रीटाउनच्याच फुरा बे कॉलेजात आयुष्यभर रमले. पुढे तिथले प्राचार्यही झाले. 'ऑथेल्लोज कंट्रीमेन' (१९६५) या ग्रंथात त्यांनी शेक्सपिअरकालीन रंगभूमीवरची आफ्रिकी पात्रे तपासली. प्रवासवर्णनांमुळे लंडनच्या प्रेक्षकांच्या मनात आफ्रिकी माणसाचे एक ठरीव चित्र तयार झाले होते. शेक्सपिअरच्या 'टायटस अँड्रॉनिकस'मधला खलनायक एरन त्या चित्रात चपखल बसतो. ऑथेल्लोच्या बाबतीत मात्र शेक्सपिअर हाच पूर्वग्रह हाताशी धरतो आणि मोडून काढतो. पाश्चात्त्यांनी रंगवलेले पूर्वेचे असेच ठरीव चित्र तपासणारे एडवर्ड सईद यांचे 'ओरिएंटॅलिझम' यानंतर तेरा वर्षांनी आले. एवढा महत्त्वाचा विषय जोन्स यांनी संहितेचे बोट न सोडता मांडला.

१९६८ साली त्यांनी 'आफ्रिकन लिटरेचर टुडे' हे नियतकालिक सुरू केले. समीक्षकाने चोखंदळपणे वाचावे, कृतीचे गुण दाखवून ती सामान्य वाचकापर्यंत न्यावी आणि अशा परीक्षणांतूनच निकष घडावेत, ही त्यामागची भूमिका. त्याच वर्षी नैरोबीत केनियाचे कादंबरीकार न्गुगी वा थ्योंगो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी विद्यापीठातला इंग्रजी विभागच बंद करून आफ्रिकी साहित्य केंद्रस्थानी आणण्याची मागणी केली. निकष कोणाचे, भाषा कोणाची, हे न्गुगींचे प्रश्न जोन्स यांच्या समीक्षेत तितक्या धारेने येत नाहीत. ही तिची उणीव मान्य करायला हवी. देशीवादाचा वाद पाहिलेल्या मराठी वाचकाला तर ती चटकन जाणवेल. मात्र याच इंग्रजीच्या प्राध्यापकाने क्लिफर्ड फाइल यांच्यासोबत क्रिओ या आपल्या लोकभाषेचा कोश १९८० मध्ये सिद्ध केला, हेही विसरता कामा नये.

पुढे जोन्स यांची दृष्टी गेली, तरी संपादन थांबले नाही. पत्नी मार्जरी लेख वाचून दाखवत, जोन्स ऐकून निर्णय घेत. कानावर पडलेले वाक्य कळले नाही तर तो दोष लेखकाचा, एवढी साधी कसोटी आजच्या कितीतरी शोधनिबंधांना पेलणार नाही.

ऐंशीच्या दशकात आर्थिक संकटांनी आफ्रिकी विद्यापीठे खिळखिळी झाली आणि अनेक नामवंत प्राध्यापक अमेरिकेत गेले. नायजेरियातल्या इबादानला घडलेले समीक्षक अबिओला इरेले ओहायो आणि हार्वर्डला शिकवू लागले. न्गुगींनाही तुरुंगवासानंतर देश सोडावा लागला. जोन्स यांच्या नियतकालिकाचे संपादनही पुढे मिशिगनहून होऊ लागले. स्थलांतराने समीक्षेला साधने मिळाली, प्रतिष्ठा मिळाली. पण तिचा पहिला श्रोता बदलला. कादंबरी सिद्धान्ताची साक्षीदार म्हणून उभी राहू लागली. ती चांगली आहे का, हे विचारणे मागे पडले.

न्गुगींचा प्रश्न आणि जोन्स यांचे वाचन, दोन्ही आज हवे आहे. सत्तेचे भान सुटले तर समीक्षा भाबडी होते, आणि वाचक सुटला तर ती कोणाचीच राहत नाही. म्हणून फ्रीटाउन, इबादान, नैरोबी इथल्या वर्गांना ग्रंथालये आणि पुरेसे पगार मिळणे हाही समीक्षेचाच प्रश्न आहे.