म्हातारी नेमक्या कोणत्या भोपळ्यात बसली?

न्यू जर्सीतला माझा भाचा पाच वर्षांचा आहे. मोऱ्याहून व्हिडिओ कॉलवर मी त्याला म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट वाचून दाखवत होतो. लेकीकडे तूप-रोटी खाऊन जाडजूड झालेली म्हातारी भोपळ्यात बसून परत निघते, तिथे त्याने मला थांबवलं. ‘मामा, पण पंपकिन सडेल ना?’ हॅलोविनला त्याने स्वतः एक कोरला होता. आठवड्याभरात त्याला बुरशी आली.

पोराची शंका बरोबर आहे. चूक चित्रकाराची आहे. माझ्या हातातल्या पुस्तकात, आणि मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात, हा भोपळा नारिंगी, फुगीर फाकांचा असतो. म्हणजे लाल भोपळा. तो मूळचा अमेरिका खंडातला, कोलंबसाआधी आपल्याकडे नव्हताच. त्याच्याही कितीतरी आधीपासून इथे होता तो दुध्याच्या जातीचा भोपळा. तो वेलीवर जून झाला की आतला गर वाळतो आणि साल लाकडासारखी टणक होते. पंढरपूरच्या बाजूला पिकणारे असे मोठाले भोपळे मिरजेत तंबोऱ्याला लागतात. माझी आजी पोहायला शिकली तीही कमरेला असाच सुका भोपळा बांधून. हलका, पोकळ, न सडणारा. गोष्टीला आणखी काय हवं?

बंगालीत तर संशयाला जागाच नाही. उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या १९१० सालच्या ‘टुनटुनीर बोई’मधली म्हातारी ‘लाऊ’च्या कवचात बसून येते. लाऊ म्हणजे दुधी. लाल भोपळ्याला तिथे कुमडो म्हणतात.

आपल्याकडे दोघांचं आडनाव एकच, म्हणून घोळ. तसा तो जगभर आहे. ऑस्ट्रेलियात बटरनटही पंपकिनच, अमेरिकेत तोच स्क्वॅश. आणि आपल्याकडे स्क्वॅश म्हणजे सरबताची बाटली! विदर्भात लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात, पुण्यात कोहळा म्हटलं की पेठ्याचा. भाजीवाल्याकडे हे चालून जातं, बोट दाखवलं की काम होतं.

गोष्टीत चालत नाही. ओल्या, गराने भरलेल्या भोपळ्यात बसलेली म्हातारी ही निव्वळ जादू. सुक्या भोपळ्यात बसलेली म्हातारी हुशार ठरते. घरातली कोणती वस्तू कशाला उपयोगी पडते हे तिला ठाऊक आहे, वाघाला नाही. नारिंगी रंग भरताना चित्रकाराने तिची ही अक्कलच काढून घेतली. पंपकिन लिहिणारा अनुवादक त्यावर शिक्का मारतो.

हे सगळं मी आजीला ऐकवलं. ती म्हणाली, ‘अरे, मी भोपळ्याला धरून होते, भोपळ्यात नव्हते. तुझ्या त्या तंबोऱ्याच्या भोपळ्यात तूप-रोटी खाल्लेली बाई मावेल का?’

हा बग मी अजून उघडाच ठेवलाय.