‘यशोगाथा’ : एक लेखनप्रकार आणि वऱ्हाडातील शाळा

१

शिक्षणविषयक मराठी लेखनात अलीकडे ‘यशोगाथा’ हा एक स्वतंत्र लेखनप्रकार रूढ झाला आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, शिक्षणखात्याची प्रकाशने, पुरस्कारांची मानपत्रे आणि उपक्रमांचे अहवाल यांतून तो वारंवार आढळतो. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासननिर्णयानंतर तर त्यास विशेष बहर आला. त्याचा विषय बहुधा एकच असतो : आपल्या वर्गात संगणक, प्रोजेक्टर अथवा टॅब आणू पाहणारा शिक्षक आणि त्यास लाभलेले साहाय्य. हे लेखन ललित नव्हे, म्हणून त्यास समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचा मोह होतो. परंतु ज्या कथनावर विसंबून शासन योजना आखते, दाता देणगी देतो आणि नवखा शिक्षक आपल्या कर्तव्याची कल्पना बांधतो, त्या कथनाची घडण तपासणे हे समीक्षेचेच काम होय.

ही घडण ठरीव आहे. प्रारंभी पडक्या भिंतींची, उतरत्या पटाची शाळा येते. तेथे नवे गुरुजी रुजू होतात. गावकरी प्रथम साशंक असतात; मग ग्रामसभा भरते, लोकवर्गणी जमते, यंत्र येते, पट वाढतो आणि शेवटी सत्कार होतो. कीर्तनातील आख्यानाप्रमाणे येथेही श्रोत्यास शेवट आधीच ठाऊक असतो. मात्र आख्यानाच्या शेवटी नायकाची परीक्षा पुरी झालेली असते, तर यशोगाथा संपते तेथे शिक्षकाची परीक्षा नुकतीच सुरू झालेली असते. उद्घाटनाची फीत कापली जाते त्याच ठिकाणी कथन थांबते. नंतरचा महिना, नंतरचे वर्ष या लेखनप्रकारास ठाऊक नाही.

२

या लेखनाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. पाठ्यपुस्तकास क्यूआर कोडची जोड देण्याचा त्यांचा प्रयोग सर्वश्रुत आहे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. ठाणे जिल्ह्यातील पष्टेपाड्याच्या शाळेत संदीप गुंड यांनी सौरऊर्जेवर चालणारा डिजिटल वर्ग उभा केला. अशा वृत्तांतांमुळे एकाची युक्ती दुसऱ्यापर्यंत पोचते. ‘शिक्षणाची वारी’ या प्रदर्शनांतून आणि केंद्रस्तरीय शिक्षण परिषदांतून शिक्षकाने शिक्षकास केलेले साहाय्य हेच पुष्कळदा सर्वांत भरवशाचे ठरते.

दोष उदाहरणांत नसून त्यांच्या वाचनात आहे. एका व्यक्तीच्या असाधारण खटपटीने जे साधले, ते वाचक सर्वांच्या कर्तव्याचे माप म्हणून वाचू लागतो. ‘उपक्रमशील शिक्षक’ हा शब्दप्रयोग त्याचाच द्योतक आहे. ज्याच्या शाळेत यंत्र नाही, तो आपोआप उपक्रमशून्य ठरतो. शाळेस साधन पुरविणे हे कोणाचे काम, हा प्रश्न येथे शिक्षकाच्या गुणवत्तेच्या प्रश्नात विरून जातो.

३

वऱ्हाडात या लेखनप्रकाराची कसोटी पाहण्यास हरिसालइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या वाटेवरील, मेळघाटच्या अरण्यातील हे गाव. २०१६ च्या सुमारास महाराष्ट्र शासन व मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने ते देशातील पहिले ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आले. दूरचित्रवाणीच्या वापरात नसलेल्या लहरींवरून इंटरनेट, दुरून मिळणारा वैद्यकीय सल्ला आणि शाळेत डिजिटल वर्ग, असे त्याचे चित्र रंगविले गेले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात हेच चित्र खरे की खोटे यावर जाहीर सभांतून वाद झडला.

समीक्षेच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, समर्थक आणि विरोधक यांनी एकाच आकृतिबंधाचा आश्रय घेतला. एकाने कथा सरळ सांगितली, दुसऱ्याने ती उलटी केली. एकाच्या मते सर्व झाले होते, दुसऱ्याच्या मते काहीच झाले नव्हते. वस्तुतः शाळेतील साधनाची अवस्था या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते : यंत्र असते, पण त्या दिवशी वीज नसते, वीज असते, पण जोडणी मिळत नाही, दोन्ही असतात, पण दुरुस्तीस माणूस परतवाड्याहून यावयाचा असतो. या मधल्या अवस्थेचे वर्णन करण्यास यशोगाथेपाशी भाषा नाही, आणि तिच्या खंडनापाशीही नाही.

४

या आकृतिबंधाने झाकल्या जाणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन होत.

पहिली, चालू खर्च. यंत्र एकदा विकत घेता येते. विजेचे बिल दरमहा येते. समग्र शिक्षा योजनेतील शाळा अनुदान पटसंख्येवर ठरते. परिणामी मेळघाटातील अथवा अकोट-तेल्हाऱ्याच्या सातपुड्यालगतच्या लहान शाळेस सर्वांत कमी रक्कम मिळते, जरी तेथपर्यंत साधन पोचविण्याचा व ते राखण्याचा खर्च सर्वांत अधिक असला तरी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत वर्गखोली, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, क्रीडांगण व कुंपण यांचा उल्लेख आहे. विजेचा नाही, संगणकाचाही नाही. जे हक्क म्हणून लिहिलेले नाही, ते शिक्षकास मागून आणावे लागते.

दुसरी, बदली. मेळघाटासारख्या अवघड क्षेत्रात तीन वर्षे सेवा झालेल्या शिक्षकास बदली मागण्याचा अधिकार २०१७ च्या बदली धोरणाने दिला. तो न्याय्यच आहे. परंतु यशोगाथा ज्या एका व्यक्तीभोवती रचलेली असते ती व्यक्ती गेली की कपाटाची किल्ली कोणापाशी, हे सांगणारे कथनात कोणी उरत नाही.

तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट भाषेची. मेळघाटातील बहुसंख्य मुलांची घरची भाषा कोरकू आहे. ती मुंडा कुळातील. मराठीशी तिचे कौटुंबिक नाते नाही. व्याघ्रप्रकल्पातून पुनर्वसित झालेली काही गावे अकोला जिल्ह्यात येऊन वसल्याने हा प्रश्न आता केवळ अमरावतीचा राहिलेला नाही. पडद्यावर उमटणारा धडा मात्र बहुतेक प्रमाण मराठीत असतो. पहिलीच्या मुलास जे फळ्यावर कळत नव्हते, ते प्रकाशमान झाल्याने कळू लागेल असे मानण्यास आधार नाही. अशा ठिकाणी शिक्षकास प्रथम लागणारे साधन म्हणजे कोरकू जाणणारा सहकारी आणि दोन्ही भाषांतील पाठ. यशोगाथेच्या छायाचित्रात ही मदत दिसू शकत नाही, म्हणून ती मागितलीही क्वचितच जाते.

साधने निर्माण करणाऱ्या संस्थांचीही अशीच गत झाली. शैक्षणिक कार्यक्रमांसाठी १९८४ साली पुण्यात स्थापन झालेली ‘बालचित्रवाणी’ २०१७ साली बंद करण्यात आली. शाळाशाळांतून पडदे येत होते त्याच काळात त्यांवर दाखवावयाचा मजकूर घडविणारी मराठी संस्था मिटली, ही विसंगती कोणत्याही यशोगाथेत आली नाही.

५

यावर असा आक्षेप संभवतो की, वऱ्हाडास लोकवर्गणी नवी नाही. ती येथील परंपराच आहे. आक्षेप विचारार्ह आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगे महाराजांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ साली स्थापिलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेसही बहुजनसमाजाचे पाठबळ लाभले. परंतु या परंपरेचे मर्म वर्गणीत नसून वर्गणीनंतरच्या व्यवस्थेत आहे. गाडगे महाराजांनी धर्मशाळा बांधल्या आणि त्या विश्वस्तांच्या स्वाधीन केल्या. स्वतःच्या कुटुंबाचा त्यांवर हक्क ठेवला नाही. पंजाबरावांनी एका शिक्षकाच्या उत्साहावर नव्हे, तर संस्थेच्या घटनेवर भिस्त ठेवली. दोघांनीही आपल्यामागे काम चालेल अशी तजवीज केली. आजची यशोगाथा या परंपरेतून झोळी तेवढी घेते. विश्वस्तपत्र मागेच राहते.

शिवाय ज्या गावची पऱ्हाटी पावसाअभावी अगर बोंडअळीने गेली, तेथील ग्रामसभेस प्रोजेक्टरसाठी वर्गणी मागणे आणि सधन गावास मागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वर्गणीवर सोपविलेले साधन गावाच्या ऐपतीप्रमाणे वाटले जाते. मुलाच्या गरजेप्रमाणे नव्हे.

तात्पर्य, यशोगाथा लिहिली जाऊ नये असे नाही. ती पुढे लिहिली जावी. यंत्र आल्यानंतर तिसऱ्या वर्षी ते चालू आहे काय, बिल कोणी भरले, गुरुजी बदलून गेल्यावर वर्ग कोणी घेतला, मुलाने ऐकलेला धडा त्याच्या भाषेत होता काय, या प्रश्नांची उत्तरे देणारा वृत्तांत कदाचित सत्कारास पात्र ठरणार नाही. परंतु हरिसालच्या अथवा तेल्हाऱ्याच्या शाळेत उद्या रुजू होणाऱ्या शिक्षकास उपयोग होईल तो त्याचाच. आणि अनुदानाचे नियम बदलावयाचे झाल्यास पुरावा म्हणून पुढे ठेवता येईल तोही तोच.