पहारेकऱ्यालाच दमवणारा हल्ला

संगणकांच्या जाळ्यात घुसखोर शिरू नये म्हणून जाळ्याच्या तोंडाशी एक पहारेकरी आज्ञावली बसवतात. माहितीचे येणारे प्रत्येक पाकीट ती तपासते. पण कोणी या पहारेकऱ्यालाच कामात बुडवून टाकले तर? अमेरिकेतील राइस विद्यापीठाचे स्कॉट क्रॉस्बी व डॅन वॉलक यांनी २००३ साली युझनिक्स सुरक्षा परिषदेत मांडलेला शोधनिबंध याच प्रश्नाविषयी आहे. संगणकशास्त्र शिकवणाऱ्यांनी तो आजही वाचावा असे आम्हाला वाटते.

निबंधाचे मर्म शालेय गणितात बसते. आज्ञावली आपल्या नोंदी ‘हॅश तक्त्या’त ठेवते. टपाल कचेरीतील खणांसारखीच ही सोय. कोणती नोंद कोणत्या खणात जाणार हे एका सूत्राने ठरते. नोंदी सारख्या विखुरल्या तर शोध चटकन लागतो. सगळ्या एकाच खणात पडल्या, तर मात्र प्रत्येक नवी नोंद आधीच्या सर्व नोंदींशी ताडून पाहावी लागते. अशा वेळी १०० नोंदींसाठी ४,९५० तुलना होतात, तर १०,००० नोंदींसाठी सुमारे ५ कोटी. नोंदी शंभरपट, काम दहा हजारपट!

असे सहसा घडत नाही, असे पाठ्यपुस्तके सांगतात. योगायोगाने घडत नाही, हे खरे. पण सूत्र ठाऊक असलेला हल्लेखोर नेमकी तशीच पाकिटे निवडतो. लेखकांनी ‘ब्रो’ (आताचे नाव ‘झीक’) या आज्ञावलीवर हे करून दाखवले. डायलअप मोडेमच्या क्षमतेहूनही कमी वेगाने पाकिटे पाठवली, तरी सहा मिनिटांनंतर ७१ टक्क्यांपर्यंत वाहतूक तिच्या नजरेतून निसटू लागली. हल्लेखोराला आधी सांगता येणार नाही अशी गुप्त यादृच्छिक संख्या सूत्रात मिसळावी, हा त्यांचा उपाय सोपा आणि पटणारा आहे.

मात्र हा उपाय हॅश तक्त्यापुरताच आहे. २००६ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी ‘स्नॉर्ट’ या आज्ञावलीची नमुने जुळवण्याची पद्धतच वेठीला धरली आणि तिचे काम १५ लाख पटींपर्यंत मंदावून दाखवले. २०२२ साली स्नॉर्टमध्येच आणखी एक दोष उघड झाला. कारखान्यांतील यंत्रांचे ‘मॉडबस’ संदेश तपासणारा तिचा भाग न संपणाऱ्या चक्रात अडकवता येत होता.

दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. ब्रो बाजूला बसून नुसती नजर ठेवत होती. घुसखोरी रोखणारी आज्ञावली मात्र थेट वाटेत उभी असते. ती दमली तर दार उघडे ठेवावे की बंद करावे? उघडे ठेवले तर चोर आत येतो. बंद केले तर रुग्णालयाचेही काम थांबते. याचे उत्तर या निबंधात मिळत नाही.

तरीही निबंधाचे मोल कमी होत नाही. वर्गात आपण ‘सरासरी वेळ’ सांगून पुढे जातो. ती सरासरी कोणत्या माहितीवर काढली आणि ती माहिती कोण निवडतो, हे विद्यार्थ्यांना विचारायला लावावे.