सीट, हँडल आणि वळू

सायकलची एक जुनी सीट आणि एक हँडल. पाब्लो पिकासोच्या १९४२ सालच्या ‘बुल्स हेड’ या शिल्पात तिसरं काहीच नाही. सीट उभी केली, निमुळतं टोक खाली, रुंद बाजू वर. मागून हँडल बाहेर काढलं. झालं वळूचं डोकं! उंची जेमतेम ३३ सेंटिमीटर.

‘हे तर मीही केलं असतं,’ असं बघणाऱ्याला हमखास वाटतं. पिकासोनेही छायाचित्रकार ब्रासाईला सांगितलं होतं, की अडगळीच्या ढिगात दोन्ही वस्तू शेजारी-शेजारी दिसल्या आणि विचार करायच्या आतच मनात त्या जुळून गेल्या. यावर अगदीच भाबडेपणाने विश्वास ठेवू नये. स्पेनमधल्या मालागात लहानपणापासून बैलझुंजी पाहिलेला, पुढे बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर आणि ‘गेर्निका’ चित्रातला वळू रंगवलेला हा माणूस. अडगळीत वळू दिसायला आधी इतके वळू काढावे लागतात.

आता जरा जवळून बघू. या चेहऱ्याला डोळे नाहीत. पिकासोने दोन खिळे ठोकले असते तर डोळे झाले असते आणि शिल्पाचं खेळणं झालं असतं. डोळ्यांविना हा चेहरा जिवंत जनावराचा, की कवटीचा, हे ठरत नाही. साल १९४२, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात. ज्याच्याबरोबर पिकासोने पूर्वी लोखंड जोडून शिल्पं केली, तो स्नेही हुलिओ गोन्झालेस त्याच मार्चमध्ये वारला. पाठोपाठ पिकासोने बैलाच्या कवटीची चित्रं रंगवली. त्यामुळे या विनोदावर मोकळं हसू येत नाही.

शिवाय सीट चामड्याची. जनावराचं कातडं फिरून जनावराच्याच तोंडावर येऊन बसलंय. आणि शिंगं? कुणीतरी ती रोज दोन्ही मुठींत धरून पॅडल मारत होतं.

कलावंत मार्सेल द्युशांने १९१३मध्ये स्टुलावर सायकलचं चाक बसवलं, ते चाकच राहिलं. इथे मात्र नजर एका जागी ठरत नाही: वळू म्हणावं तर सीट दिसते, सीट म्हणावं तर वळू रोखून बघतो. उद्या कुणी हे डोकं उचलून पुन्हा सायकलला बसवलं तरी पिकासोची हरकत नव्हती. उलट त्याला ते हवंच होतं.

पुढे त्याने याची ब्राँझ प्रत ओतून घेतली. चामडं आणि लोखंड एकाच धातूचं झालं, सांधा पुसट झाला. फक्त वळूच दिसू लागला तर शिल्पातली गंमत जाईल, हे त्याने स्वतःच बोलून दाखवलं होतं. कळत होतं, तरी ओतलंच! ब्राँझ देखणं आहे, टिकाऊ आहे. पण मला विचाराल तर पॅरिसच्या पिकासो संग्रहालयातलं मूळ चामड्याचं डोकंच खरं.