मृत्यूच्या अलीकडची गाणी

एखाद्या कलावंताने अकाली स्वतःचे जीवन संपवले की त्याच्या कलाकृतींचे वाचन उलट दिशेने सुरू होते. प्रत्येक ओळीत पूर्वसूचना सापडू लागतात आणि रसिक नकळत पंचनामा करू लागतो. इंग्लंडमधील 'जॉय डिव्हिजन' या बँडच्या वाट्याला गेली चार दशके हेच आले आहे. त्याचा गायक व गीतकार इयन कर्टिस याने १८ मे १९८० रोजी, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघण्याच्या आदल्या दिवशी, वयाच्या २३ व्या वर्षी आत्महत्या केली. तेव्हापासून त्याची गाणी ही त्या मृत्यूची तळटीप बनून राहिली आहेत. प्रस्तुत लेखकाला हा क्रम मान्य नाही. गाणी आधी लिहिली गेली, ती आधी ऐकली पाहिजेत.

४ जून १९७६ रोजी मँचेस्टरमध्ये 'सेक्स पिस्टल्स'चा कार्यक्रम झाला. श्रोते मूठभरच होते, पण त्यांत बर्नार्ड समनर आणि पीटर हुक हे सॅलफर्डचे दोन मित्र होते. वाद्य येत नसले तरी वाजवायला हरकत नाही, एवढे 'पंक' संगीताने त्यांना शिकवले. पुढे मॅकल्सफील्डचे कर्टिस व ढोलवादक स्टीफन मॉरिस त्यांना मिळाले. पंकचा संताप भडकून विझला, त्या राखेखाली काय धुमसत राहिले याचा शोध ज्या संगीताने घेतला त्याला पंकोत्तर म्हणतात. या चौघांचे स्थान त्यात अग्रभागी आहे.

'अननोन प्लेझर्स' हा त्यांचा पहिला संग्रह १९७९ साली स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. मंचावर हा बँड दणदणीत आणि आक्रमक होता. निर्माता मार्टिन हॅनेट याने तो दणका उतरवला, ढोलाचा एकेक आघात सुटा केला आणि वाद्यांमध्ये रिकामी जागा सोडली. समनर व हुक यांना हे मुळीच रुचले नव्हते. आज मात्र ती रिकामी जागाच या संग्रहाचा प्राण वाटते. समनरच्या गिटारपुढे आपला आवाज ऐकू येईना म्हणून हुक बेस गिटार वरच्या पट्टीत वाजवू लागला, आणि जे वाद्य एरवी तळाशी राहते त्याच्याकडे चाल आली. अडचणीतून शैली जन्मते याचे इतके सरळ उदाहरण क्वचित मिळते.

या संग्रहातील 'शीज लॉस्ट कंट्रोल' या गीतापाशी थांबावेसे वाटते. कर्टिस मॅकल्सफील्डच्या सेवायोजन कार्यालयात अपंगांना काम मिळवून देण्याचे काम करी. तेथे येणाऱ्या एका तरुणीला अपस्माराचे झटके येत, त्यातच तिचा अंत झाला. हे गीत तिच्याविषयी आहे. त्यात कोठेही हळहळ नाही. ढोल यंत्रासारखा एकाच ठेक्यात चालतो आणि गायक साक्षीदाराच्या निर्विकार स्वरात जे पाहिले ते सांगतो. पण ही निर्विकारता कोरडी नव्हे. दुसऱ्याच्या वेदनेवर आपल्या भावना सांडायच्या नाहीत, अशी ती मर्यादा आहे. (आपल्याकडील शोकगीतांत ही मर्यादा किती वेळा पाळली जाते, हा वेगळा विषय.) जानेवारी १९७९ मध्ये स्वतः कर्टिसलाच अपस्मार असल्याचे निदान झाले. १९८० साली याच गीताची दुसरी आवृत्ती निघाली, तीत एक कडवे वाढले आहे. त्या कडव्यात गाणारा स्वतःविषयी बोलू लागतो. हे गीत दुसऱ्याच्या दुःखाकडे लक्ष देण्यातून आरंभले, हे ज्यांना त्यात केवळ कर्टिसचा शेवट ऐकू येतो त्यांच्या हातून निसटते.

या बँडचे नाव मात्र माझ्या पचनी कधी पडले नाही. ते 'हाउस ऑफ डॉल्स' या कादंबरीतून घेतलेले. नाझी छळछावणीत ज्या स्त्रियांवर वेश्याव्यवसाय लादला गेला, त्यांच्या विभागाचे हे नाव. १९७८ च्या त्यांच्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर हिटलरच्या युवक संघटनेतील ढोलवादक मुलाचे चित्र होते. पंकच्या पिढीला धक्का देण्याची हौस होती, हे स्पष्टीकरण ठीक. पण ज्याच्या गीतांत पीडितांविषयी इतके अवधान आहे, त्याच्या बँडने पीडितांचे नाव अलंकारासारखे मिरवावे, ही विसंगती कोणत्याही स्तुतीने झाकत नाही.

दुसरा संग्रह 'क्लोजर' जुलै १९८० मध्ये, कर्टिसच्या मृत्यूनंतर आला. वेष्टनावर जिनोआच्या स्टाल्येनो दफनभूमीतील आप्पियानी कुटुंबाच्या थडग्यावरील शिल्पाचे छायाचित्र आहे: शवाभोवती कोसळलेल्या शोकाकुल आकृती. हे चित्र त्याच्या हयातीतच निवडले गेले होते, तरी लोकांना त्यात बाजार दिसला. अंत्यविधी चालवण्यात ज्याची वर्षे गेली त्या माझ्यासारख्याला शिल्पातील शोक काहीसा नाटकी वाटतो, संग्रहाच्या अखेरची 'द इटर्नल' आणि 'डिकेड्स' ही गीते तशी वाटत नाहीत. तिथे कर्टिसचा जड, खोल आवाज जणू शेजारच्या खोलीतून येतो.

वारसा म्हणाल तर तो सर्वत्र आहे, आणि कधी कधी हास्यास्पदही. पहिल्या संग्रहाच्या वेष्टनावर पीटर सॅव्हिलने एका स्पंदताऱ्याच्या, म्हणजे मृत ताऱ्याच्या अवशेषाच्या, रेडिओ लहरींचा आलेख छापला होता. २०१२ साली डिस्नेने त्या लहरींना मिकी माउसचा आकार देऊन सदरे विकायला काढले आणि ओरड होताच मागे घेतले. गाणी न ऐकलेल्यांच्याही छातीवर तो आलेख आज मिरवतो.

उरलेल्या तिघांनी जुने नाव टाकून 'न्यू ऑर्डर' स्थापन केला. १९८३ च्या 'ब्लू मंडे'ने त्यांना नृत्यगृहांत नेले. त्याआधी, १९८१ साली, त्यांनी पहिली तबकडी काढली ती कर्टिसच्या अखेरच्या गीतांपैकी 'सेरेमनी' या गीताची. त्याच्या हयातीत आपण त्याच्या शब्दांकडे फारसे लक्ष दिले नाही, असे या सहकाऱ्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. 'सेरेमनी'चे शब्द कागदावर त्यांच्याजवळ नव्हते, होती ती अस्पष्ट ध्वनिफीत. गाण्याची जबाबदारी आता समनरवर आली होती. यंत्रावर आवाजाच्या पट्ट्या वरखाली करीत, ती फीत पुन्हा पुन्हा वाजवून, त्याला मित्राचा एकेक शब्द उतरवून घ्यावा लागला.