'तुह्यं काय गेलं?' : लुहान निकाल वाचताना

आमच्या वलगावात कोणी दुसऱ्यासाठी भांडायला उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, "तुह्यं काय गेलं बाप्पा त्याच्यात?" अमेरिकेच्या संघीय न्यायालयात हाच प्रश्न कायदा म्हणून विचारतात. त्याला स्टँडिंग म्हणतात. वादीनं तीन गोष्टी दाखवायच्या: मला ठोस इजा झाली किंवा लवकरच होणार आहे, ती प्रतिवादीमुळे आहे, आणि निकालानं ती दूर होऊ शकते. एकही जमली नाही तर दावा खारीज.

ही कसोटी 1992 च्या 'लुहान विरुद्ध डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ' या निकालात पक्की झाली. पर्यावरणावर पीएचडी करू पाहणाऱ्यांनी तो मुळातून वाचावा. मी प्राणिशास्त्रवाला, तरी वाचला आणि चिडलो.

प्रकरण असं. अमेरिकेच्या पैशानं परदेशात होणाऱ्या प्रकल्पांना संकटग्रस्त प्रजातींचा कायदा लागू नाही, असा नियम 1986 मध्ये झाला. संस्थेच्या दोन सदस्यांनी प्रतिज्ञापत्रं दिली. एकीनं इजिप्तला जाऊन नाईलची मगर बघायचा प्रयत्न केला होता, दुसरी 1981 मध्ये श्रीलंकेत महावेली प्रकल्पाच्या जागी जाऊन आली होती. दोघींना परत जायचं होतं. कधी? दुसरी म्हणाली, तिकडे यादवी युद्ध चालू आहे, पुढे कधीतरी. न्या. स्कॅलिया यांनी लिहिलं, 'कधीतरी' पुरत नाही.

इथं माझं भांडण आहे. फील्डवर्क करणाऱ्याला विचारा: तारीख परवानगीवर, फेलोशिपच्या हप्त्यावर, पावसावर ठरते. हत्तीचं नुकसान माझ्या तिकिटावर अवलंबून नसतं. न्या. ब्लॅकमन यांनी विरोधी मतात हेच म्हटलं, की तिकीट काढून आणणं ही पोकळ औपचारिकता आहे.

पण स्कॅलियांचा एक मुद्दा मला खोडता येत नाही. वादींचं म्हणणं होतं की त्या प्रजातीवर व्यवसाय म्हणून काम करणारा कोणीही, कुठूनही, दावा लावू शकतो. कोर्टानं ते नाकारलं. धोक्यात आलेल्या नेमक्या त्याच प्राण्यांवर काम करणाऱ्याची गोष्ट वेगळी, हेही मान्य केलं. आपणही नमुना कुठल्या जागेचा, हे विचारतोच ना?

आणखी एक चूक थिसिसमध्ये हमखास दिसते. स्टँडिंग नाही म्हणून दावा गेला, म्हणजे सरकार बरोबर ठरलं, असं लिहितात. नाही. लॅबनं नमुना परत पाठवला म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह आला का? लुहानमध्ये त्या नियमाचा कायदेशीर अर्थ कोर्टानं ठरवलाच नाही.

आता आपल्याकडे या. वलगावहून परतवाडा मार्गे वर गेलं की मेळघाट. तिथल्या कुपोषणानं होणाऱ्या बालमृत्यूंवर 'डॉ. राजेंद्र बर्मा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' ही जनहित याचिका 2007 पासून मुंबई उच्च न्यायालयात आहे. दगावलेलं मूल याचिकाकर्त्याच्या घरचं असायला लागलं नाही. 1981 च्या एस. पी. गुप्ता निकालात न्या. भगवती यांनी ती अट सैल केली: गरिबीमुळे ज्यांना कोर्टापर्यंत पोचता येत नाही, त्यांच्यासाठी दुसरं कोणीही सद्हेतूनं येऊ शकतं. लुहानची फूटपट्टी लावली असती तर ही याचिका बहुधा पहिल्याच पायरीवर अडकली असती. धारणीच्या कोरकू बाईनं स्वतः मुंबईला जाऊन वकील लावावा, असं म्हणण्यासारखं ते झालं असतं.

म्हणून आपली पद्धत सरस, असं थेट लिहायला माझा हात धजत नाही. 2021-22 मध्येही त्याच याचिकेवर सुनावण्या चालू होत्या, आणि विषय तोच, बालमृत्यू. अमेरिकेत दार उघडत नाही, आपल्याकडे उघडतं आणि मग पंधरा वर्षं ओसरीवर बसावं लागतं. स्टँडिंगवर आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यातलं बरंचसं 1981 पाशी टाळ्या वाजवून थांबतं. विषय शोधत असाल तर पुढचं मोजा: दाखल झाल्यापासून किती आदेश निघाले, त्यातले किती धारणी-चिखलदऱ्याच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोचले.