‘घर’ या शब्दाची दोन वाचने : साथ, निर्बंध आणि वृत्तकथन

साथीच्या काळात शासन आज्ञा देते, लोक प्रतिसाद देतात आणि वृत्तपत्रे या दोहोंची नोंद करतात, अशी मांडणी सामान्यतः गृहीत धरली जाते. या मांडणीत वृत्त हे आज्ञा व प्रतिसाद यांच्याबाहेर उभे असलेले तटस्थ माध्यम ठरते. परंतु लोकांचे वर्तन ‘लोकप्रतिक्रिया’ म्हणून ओळखले जाते तेच मुळी वृत्तकथनातून. कोणाचा संताप गाऱ्हाणे ठरावा, कोणाचा केवळ अफवेचा परिणाम ठरावा, कोणाला बोलणारी व्यक्ती मानावे आणि कोणाला गर्दी, याचा निवाडा कथनाच्या पातळीवर आधीच झालेला असतो. २०२० मधील टाळेबंदीचे मराठी वृत्तविश्व या दृष्टीने वाचू लागले की एक शब्द पुन्हा पुन्हा वाट अडवतो. तो शब्द म्हणजे ‘घर’. शासनाची आज्ञा या शब्दावर उभी होती आणि तिच्याविरुद्ध गेलेले सर्वांत मोठे वर्तनही याच शब्दावर उभे होते. हे दोन अर्थ एकमेकांसमोर आणण्याचे काम वृत्तकथनाने बहुतांशी केले नाही. एका अर्थाला त्याने नियम मानले आणि दुसऱ्याला नियमभंग.

या प्रश्नाला महाराष्ट्रात पूर्वेतिहास आहे. मार्च २०२० मध्ये राज्य शासनाने जो साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला तो १८९७ चा, म्हणजे मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या धास्तीतून जन्मलेला. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात रँडच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या सुरू केल्या. रोग्याला इस्पितळात, त्याच्या सहवासातील माणसांना विलगीकरणाच्या छावणीत आणि त्यांच्या चीजवस्तूंना अनेकदा आगीत पाठविले जाई. ‘केसरी’ व ‘सुधारक’ ही एरवी परस्परविरोधी भूमिका घेणारी पत्रे या झडत्यांच्या बाबतीत जवळजवळ एका सुरात बोलू लागली. २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, आणि इंग्लंडमध्ये सैनिकांच्या अत्याचारांविषयी विधाने करून परतलेल्या गोखल्यांना पुराव्याअभावी माफी मागावी लागली. हा इतिहास सुपरिचित आहे. त्यातील गाऱ्हाण्याची रचना मात्र पुरेशी तपासली गेलेली नाही.

पुण्याच्या गाऱ्हाण्याच्या केंद्रस्थानी उंबरठा होता. परका, सशस्त्र, जोडे घातलेला माणूस उंबरठा ओलांडून आत आला, हा त्या गाऱ्हाण्याचा गाभा. तो ओसरीवर थांबला नाही. माजघरात शिरला, स्वयंपाकघरात गेला, देवघर विटाळले. हे सामासिक शब्दच सांगतात की येथील ‘घर’ म्हणजे चार भिंती व छप्पर नव्हे. शुचितेच्या, जातीच्या आणि स्त्रीपुरुषभेदाच्या मर्यादांनी आतल्या आत विभागलेली ती एक व्यवस्था आहे. ज्याच्या घराला असे एकामागून एक उंबरठे होते, त्याचीच तक्रार ‘पुण्याची’ तक्रार म्हणून उच्चारली गेली. अर्थात, त्यामुळे ती तक्रार खोटी ठरत नाही, कारण झडत्यांतील दंडेली खरी होती. प्रश्न तिच्या प्रातिनिधिकतेचा आहे.

कारण त्याच साथीत उंबरठ्याबाहेरचा अनुभवही घडत होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. तेथील भयाचा विषय घरात शिरणारा सैनिक हा नव्हता, इस्पितळात गेलेला माणूस परत न येणे हा होता. रोग्यांच्या देहांतून मोमियाई काढतात ही त्या काळची अफवा याच भयाची भाषा होती. लाखो माणसे मुंबई सोडून गेली. पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या. त्यांच्या कार्याचे स्थळ गावाबाहेरचा दवाखाना हे होते. मे महिन्यात पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात लिहिले तेही सरकारी प्लेगव्यवस्थेत सापडलेल्या मुलींच्या सुरक्षिततेविषयी. म्हणजे घराच्या पावित्र्याऐवजी घराबाहेर नेलेल्या स्त्रीच्या जिवाविषयी. हे अनुभव अस्तित्वात होते, काही छापलेही गेले, परंतु ‘लोकक्षोभ’ या नावाने जी संहिता पुढे शिल्लक राहिली ती वाड्याची होती, चाळीची आणि छावणीची नव्हती.

२०२० मध्ये आज्ञेची दिशा उलटी झाली. १८९७ चे शासन घरात शिरले होते, २०२० च्या शासनाने माणसाला घरात राहावयास सांगितले. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी घोषणा केली आणि चार तासांनी एकवीस दिवसांची देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. दुसरा दिवस गुढीपाडव्याचा होता. ‘घरीच राहा, सुरक्षित राहा’ हे वाक्य लवकरच भित्तिपत्रके, दूरध्वनीवरील ध्वनिमुद्रित सूचना व वृत्तपत्रांची पाने यांतून सर्वत्र उमटले. या वाक्यात ‘घर’ व ‘सुरक्षित’ हे शब्द जवळजवळ समानार्थी बनतात. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या, सार्वजनिक नळावर व सार्वजनिक शौचालयात रांग लावणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे समीकरण टिकत नाही. धारावीत संशयितांना घरी न ठेवता शाळा, सभागृहे येथे हलवावे लागले, हीच त्या समीकरणाच्या मर्यादेची प्रशासनाने दिलेली कबुली होती.

येथे ‘टाळेबंदी’ या शब्दाकडेही लक्ष द्यावयास हवे. मराठीला हा शब्द नवा नाही. कामगारविश्वात त्याचा अर्थ निश्चित आहे : मालकाने कारखान्याला टाळे लावून कामगाराला कामाबाहेर ठेवणे. संप कामगाराचा, टाळेबंदी मालकाची. गिरण्यांच्या मुंबईला हा अर्थ शिकवावा लागत नाही. २०२० मध्ये इंग्रजी ‘लॉकडाउन’साठी हाच शब्द रूढ झाला, तेव्हा वाचकांच्या एका थराला तो ‘आत सुरक्षित राहणे’ असा ऐकू आला आणि दुसऱ्या थराच्या वाट्याला त्याचा जुना अर्थ जसाच्या तसा आला. काम थांबले, मजुरी थांबली, कामाच्या जागीच राहणाऱ्यांचा निवाराही गेला. शब्द कधीच कोरा हाती येत नाही, दुसऱ्यांच्या वापराचे ठसे घेऊन येतो, हे बाख्तिनचे प्रतिपादन येथे अक्षरशः खरे ठरते. भाषेला आठवत असलेला अर्थ वृत्तलेखनाला मात्र आठवला नाही.

मग जे घडले ते असे : ज्यांना ‘घरी राहा’ असे सांगितले गेले ते घरी निघाले. आज्ञेतील ‘घरी’ म्हणजे सध्या असाल तेथे आणि चालणाऱ्याच्या बोलण्यातील ‘घरी’ म्हणजे जेथे उपाशी मरू दिले जाणार नाही तेथे. या दृष्टीने ते चालणे हे आज्ञेचे उल्लंघन होते तितकेच तिचे पर्यायी वाचनही होते. वृत्तकथनाने त्याला वाचनाचा दर्जा दिला नाही. ‘लोंढे’, ‘ओघ’, ‘उसळलेली गर्दी’ ही त्या दिवसांतील शीर्षकांची ठरीव शब्दकळा पाण्याची आहे. पाण्याला हेतू नसतो, त्याला फक्त अडवायचे किंवा वळवायचे असते. १४ एप्रिलला टाळेबंदी वाढल्यावर वांद्रे स्थानकाबाहेर जमाव जमला, तेव्हा चर्चा गाडीची बातमी कोणी दिली यावर केंद्रित झाली, आणि एका मराठी वृत्तवाहिनीच्या प्रतिनिधीला अटकही झाली. काही वाहिन्यांनी जवळच्या मशिदीचा उल्लेख करून त्या जमावाला धर्म चिकटवला. त्याआधी ३१ मार्च रोजी सर्वोच्च न्यायालयासमोर स्थलांतराचे कारण म्हणून खोट्या बातम्यांचाच निर्देश झाला होता. १८९६ ची मोमियाई आणि २०२० ची रेल्वेगाडी यांत साम्य आहे ते येथे. दोन्ही प्रसंगी ‘अफवा’ हा शब्द लोकांच्या तर्काऐवजी वापरला गेला. माणसे वांद्र्याला का आली, याचे उत्तर ‘कोणी सांगितले म्हणून’ असे मिळाले, ‘जाणे भाग होते म्हणून’ असे क्वचितच मिळाले.

व्याकरणाची साक्षही हेच सांगते. ८ मे २०२० रोजी जालन्याहून पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रेल्वेरुळांवर झोपले असता मालगाडीखाली मृत्यू पावले. मध्य प्रदेशातील गावी जाण्यासाठी भुसावळहून गाडी मिळेल या आशेने ते निघाले होते. मराठीत ‘चिरडले’ हे रूप कर्त्याची मागणी करीत नाही. ते लिहिताना वाक्य पूर्ण होते आणि कोणी, कशामुळे हे प्रश्न व्याकरणदृष्ट्या उद्भवतच नाहीत. उरतो तो ‘रुळांवर झोपलेच का?’ हा प्रश्न, म्हणजे पुन्हा मृतांचाच दोष. १५ मे रोजी सर्वोच्च न्यायालयातही हाच सूर निघाला. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र मात्र या वाक्यरचनेच्या बाहेर राहिले. शिदोरी बांधून निघालेला माणूस लोंढा असू शकत नाही, त्याने प्रवासाचा हिशेब केलेला असतो. छायाचित्राने जे सांगितले ते त्याच्याखालील मजकूर सांगू शकला नाही.

‘घरी जाणे’ सर्वांच्या बाबतीत एकाच रीतीने वाचले गेले नाही, हेही नोंदवावयास हवे. मुंबईतील कोकणी चाकरमानी गावी निघाला तेव्हा गावांनी रस्ते अडवले, विलगीकरणाच्या मुदतीवरून वाद झाले, गणपतीच्या तोंडावर ते अधिक चिघळले. तरीही चाकरमान्याच्या ओढीला मराठी वाचकाच्या भावविश्वात आधीच जागा होती. ‘गावी जाणे’ ही त्याची परंपरा मानली गेली. उत्तरेकडे निघालेल्या मजुराला ‘परप्रांतीय’ म्हटले गेले. वीस वर्षे मुंबईत राहिलेल्यालाही ‘स्थलांतरित’ हेच नाव राहिले. एकाचे जाणे ओढ ठरले, दुसऱ्याचे पलायन.

मिशेल फूकोने ‘शिस्त आणि शिक्षा’ या १९७५ च्या ग्रंथात प्लेगग्रस्त नगराचे जे वर्णन केले आहे ते या संदर्भात नेहमी उद्धृत होते. तेथे प्रत्येक घराला बाहेरून कुलूप लागते, किल्ली अधिकारी नेतो, प्रत्येक जण खिडकीशी येऊन हजेरी देतो. या प्रतिरूपाशी फूको कुष्ठरोग्याचे प्रतिरूप ताडून पाहतो. प्लेगने ग्रासलेल्यांना नगरात जागच्या जागी विभागून मोजले जाते, कुष्ठरोग्याला नगराबाहेर काढले जाते. २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात हातावर मारले गेलेले गृहविलगीकरणाचे शिक्के पहिल्या प्रतिरूपाचेच उदाहरण होत. परंतु त्या नगराची एक पूर्वअट अनुक्त राहते : प्रत्येकाला एक दार आणि एक खिडकी असते. ज्याला दार नाही त्याच्या बाबतीत तीच आज्ञा दुसऱ्या प्रतिरूपासारखी काम करते. एकच निर्बंध एका वर्गाला आत बसवून मोजतो आणि दुसऱ्याला शहराबाहेर लोटतो.

साहित्यकृतीही या आंधळेपणातून सुटलेली नाही. टाळेबंदीत पुन्हा वाचल्या गेलेल्या काम्यूच्या ‘द प्लेग’ (१९४७) मध्ये राम्बेर हा पत्रकार ओरानमधील अरबांच्या राहणीमानाविषयी वृत्त लिहिण्यासाठी येतो. वेशी बंद होतात आणि कादंबरी राम्बेरला घरी, प्रेयसीकडे, जाता येईल काय या नैतिक पेचाकडे वळते. अरबांविषयीचे वृत्त लिहिले जात नाही आणि अरबही कथेतून जवळजवळ नाहीसे होतात. घरी जाण्याची ओढ हा ज्याच्या बाबतीत नैतिक प्रश्न होऊ शकतो, त्यालाच तेथे पात्र होता येते.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. चालणारी माणसे देशाला दिसली ती माध्यमांमुळेच. अनेक वार्ताहर त्यांच्याबरोबर चालले, आणि २६ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली तीही प्रसिद्ध झालेल्या वृत्तांच्या आधारे. शिवाय वृत्तपत्रांनाही त्या काळी उंबरठ्यावर अडवले गेले होते : १८ एप्रिलला राज्य शासनाने घरोघरी वृत्तपत्रे टाकण्यास मनाई केली आणि टीकेनंतर ती काही भागांपुरती सैल केली. हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यातूनच मूळ मुद्दा अधिक स्पष्ट होतो. वितरणाच्या मनाईविरुद्धचे गाऱ्हाणे तीन दिवसांत गाऱ्हाणे म्हणून ऐकले गेले, कारण ते बोलू शकणाऱ्यांचे होते. चालणाऱ्यांची दखल दोन महिन्यांनी घेतली गेली ती त्यांच्या हालअपेष्टांची. भाडे, अन्न, गाडी यांची सोय लागली. त्यांनी ‘घर’ या शब्दाचा जो अर्थ चालून मांडला होता, त्याची दखल घेणे बाकीच राहिले.

१८९७ चे पुणे आणि २०२० चा महामार्ग यांना जोडणारा धागा हा आहे. दोन्ही वेळा ‘लोक’ म्हणून वाचले गेले ते उंबरठा असलेले लोक, पहिल्या वेळी आपला उंबरठा ओलांडला गेला म्हणून आणि दुसऱ्या वेळी त्यांनी तो ओलांडला नाही म्हणून. साथीच्या साहित्याचा व वृत्तसंहितांचा अभ्यास करताना निर्बंध कडक होते की सौम्य, माध्यमे शासनाच्या बाजूची होती की विरोधी, हे प्रश्न आवश्यक असले तरी पुरेसे नाहीत. त्या संहितांत ‘घर’ हा शब्द कोणाच्या अनुभवातून उचलला आहे, हे आधी पाहावयास हवे. तसे पाहिल्यास जालन्याहून निघालेल्या त्या सोळा जणांचे चालणे हे बातमीचा विषय एवढेच राहत नाही. आज्ञेच्या शब्दांचे ते एक अर्थनिर्णयन ठरते, आणि त्या वेळच्या बहुतेक शीर्षकांपेक्षा अधिक अचूक.